झाकणाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि राजधान्या उभ्या राहतात. कचरापेटीच्या झाकणालाही इतिहास आहे असे कोणी म्हटले, तर ते विनोदाने केलेले विधान वाटण्याचा संभव आहे. परंतु उंदीर, घुशी, माश्या आणि झुरळे यांना माणसाच्या अन्नापासून व अन्नाच्या अवशेषांपासून दूर ठेवण्यासाठी नगरांनी जी शतकानुशतके धडपड केली, तिच्यामागे लक्षावधी माणसांच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. त्या धडपडीचे सार अखेर एका क्षुल्लक वस्तूत, म्हणजे घट्ट बसणाऱ्या झाकणात, सामावलेले आहे. पेटी कोणी आणावयाची, झाकण कोणी लावावयाचे आणि पेटी केव्हा रिकामी करावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या शहरांनी कशी दिली, हे पाहण्याचा आज विचार आहे.

आपल्या खेड्यांना हे प्रश्न फारसे पडले नाहीत, कारण तेथे कचरा आणि उकिरडा यांचा संबंध नेहमीच शेताशी होता. शेण, राख, भाजीची देठे, गोठ्यातील गवताच्या काड्या हे सारे उकिरड्यावर पडे, कुजे आणि पेरणीपूर्वी गाडीत भरून वावरात जाई. उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते, असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना उकिरड्याच्या भाग्योदयाची खात्री होती. शहराची गोष्ट वेगळी. तेथे धान्याचे व्यापारी, खाणावळी, मिठाईची दुकाने, मासळीबाजार आणि कत्तलखाने आले. कचरा वाढला, पण त्याला घेणारे शेत दूर राहिले. खेड्यातला उकिरडा हा मालकाचा ठेवा होता. शहरातला उकिरडा कोणाचाच नव्हता. ज्या वस्तूला मालक नाही, तिचा ताबा प्राणी घेतात. शहरातील उंदरांचा इतिहास येथूनच सुरू होतो.

या बाबतीत आपला देश अगदीच अनभिज्ञ होता असे नाही. सिंधूच्या काठी मोहेंजोदडो येथे १९२२ पासून जे उत्खनन झाले, त्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची विटांची घरे सापडली. त्यांतील काही घरांच्या भिंतींतून केरकचरा बाहेर सोडण्यासाठी उतरत्या नळ्या काढलेल्या होत्या आणि त्यांच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला विटांच्या कुंड्या बांधलेल्या होत्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पणाचा अष्टमांश आणि चिखलपाणी तुंबवणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे. हाच अपराध राजमार्गावर घडला तर दंड दुप्पट. याच ग्रंथात राष्ट्रावर येणाऱ्या दैवी आपत्तींची यादी आहे आणि तीत अग्नी, पूर, रोगराई व दुर्भिक्ष यांच्या पंक्तीला उंदीर बसवलेले आहेत. त्यावर उपाय म्हणून मांजरे व मुंगसे सोडावीत, त्यांना पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास बारा पण दंड करावा, निवडुंगासारख्या झाडाच्या चिकात भिजवलेले धान्य पसरावे आणि प्रजेवर मूषककर बसवावा, असे सांगितले आहे. एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. कौटिल्याने कचऱ्याचा नियम नगराच्या कारभारात घातला आणि उंदरांचा नियम आपत्तींच्या प्रकरणात घातला. ही दोन प्रकरणे एकत्र वाचण्यास जगाला पुढे दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

आधुनिक कचरापेटीचा जन्म पॅरिस शहरी झाला. १८८३ साली एझेन पुबेल नावाचे गृहस्थ सेन प्रांताचे प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकारी आणि पालिका आयुक्त यांचे मिळून जे होईल ते, झाले. कायद्याचे प्राध्यापक असलेल्या या अधिकाऱ्याने त्याच वर्षी २४ नोव्हेंबर रोजी एक आज्ञापत्र काढले. प्रत्येक इमारतीच्या मालकाने भाडेकरूंसाठी झाकण असलेले डबे स्वखर्चाने पुरवावेत; नासणाऱ्या वस्तूंसाठी एक, कागद व चिंध्यांसाठी दुसरा आणि काच, चिनी माती व शिंपले यांच्यासाठी तिसरा, अशी ती आज्ञा होती. १५ जानेवारी १८८४ पासून तिचा अंमल सुरू झाला. ओला कचरा आणि सुका कचरा ही आज आपल्या कानांवर रोज पडणारी भाषा इतकी जुनी आहे.

या आज्ञेविरुद्ध पॅरिसमध्ये गहजब झाला. मालकांना खर्च नको होता, पण त्यांच्याहून अधिक कळवळून ओरडले ते चिंध्या वेचणारे. रस्त्यावर पडलेल्या ढिगांतून चिंध्या, हाडे, काच व लोखंड वेचून पोट भरणारी सहस्रावधी माणसे त्या शहरात होती. कचरा पेटीत बंद झाला तर आमची भाकरीही तीत बंद होईल, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. वृत्तपत्रांनी प्रीफेक्टची थट्टा आरंभली आणि डब्यालाच त्याचे नाव दिले. तीन डब्यांचे वर्गीकरण व्यवहारात टिकले नाही. डबा मात्र टिकला आणि नावही टिकले. फ्रेंच भाषेत कचरापेटीला आजही पुबेल म्हणतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या आज्ञेने स्पष्ट दिले: ज्याच्या जागेत कचरा निर्माण होतो, पेटी त्याने आणावी.

पुबेल यांच्यापुढे दुर्गंधीचा आणि शहराच्या शोभेचा प्रश्न होता. उंदीर व मृत्यू यांचा संबंध त्या वेळी सिद्ध झालेला नव्हता. तो सिद्ध होण्यासाठी जी जबर किंमत मोजावी लागली, ती आपल्या मुंबईने आणि पुण्याने मोजली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी एका रुग्णाचा ताप ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, असल्याचे ओळखले. मांडवी हा बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर होते आणि त्यांच्या शेजारीच दाटीवाटीने राहणारी माणसे होती. आधी उंदीर मरून पडत, मग माणसे, हे लोकांच्या डोळ्यांना दिसत होते. घरात उंदीर मेलेला आढळताच पुष्कळजण घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत.

सरकारी यंत्रणेला मात्र वेगळेच दिसत होते. रोग घाणीतून व दूषित हवेतून उठतो, या समजुतीने गटारे धुतली गेली, घरांवर जंतुनाशकांचे फवारे मारले गेले, छपरे उघडली गेली, सामानाची होळी झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. त्या कायद्याच्या बळावर पुण्यात घरांच्या झडत्या ज्या रीतीने घेतल्या गेल्या, त्यांची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी केलेल्या रँडवरील हल्ल्यात झाली, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. पुढील पंचवीस वर्षांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

शास्त्राचा उलगडा हळूहळू झाला. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सां यांनी रोगाचे जंतू शोधले होते. जून १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर त्याने काचेच्या भांड्यात ठेवला आणि निरोगी उंदीर त्याच भांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात, पहिल्याचा स्पर्श होणार नाही अशा बेताने टांगला. काही दिवसांत निरोगी उंदीरही त्याच रोगाने मेला. म्हणजे रोग पिसवांनी नेला होता. सिमाँच्या या निष्कर्षावर जाणत्यांनी कित्येक वर्षे विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने तो पुन्हा तपासला. रोगाच्या घरांत जमिनीवर ठेवलेले गिनीपिग मेले. पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. दूषित हवेची उपपत्ती तेथे संपली. कौटिल्याची दोन प्रकरणे जोडली गेली ती ही अशी.

शत्रू ओळखला गेला, आणि सर्वत्र एकच कल्पना निघाली: उंदीर मारा. तिची शोकांतिका म्हणावी की प्रहसन, असा प्रश्न पडावा अशी गोष्ट १९०२ साली फ्रेंच अंमलाखालील हनोई शहरात घडली. मारलेल्या उंदराची शेपटी आणून देणाऱ्यास सरकार बक्षीस देऊ लागले. शेपट्यांचे ढीग आले, हिशेब वाढत गेला आणि काही दिवसांनी शहरात शेपटी तोडलेले जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले. शेपटी विकून झाल्यावर प्राणी पुढील उत्पन्नासाठी सोडून दिला जात होता. काहींनी तर उंदीर पाळण्याचा धंदाच काढला होता. शासनाच्या सेवेत आयुष्य काढणाऱ्या माणसाला ही कथा विशेष बोधप्रद वाटते. जे मोजता येते, तेच आपण कर्तव्य समजू लागतो. मेलेले उंदीर मोजता येतात. न जन्मलेले उंदीर कोणत्याच तक्त्यात भरता येत नाहीत.

न जन्मलेल्या उंदरांचा हिशेब प्रथम पद्धतशीरपणे मांडला गेला तो अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कर्ट रिक्टर यांनी उंदरांसाठी एक नवे विष तयार केले आणि गल्लोगल्ली त्याचा प्रयोग झाला. युद्धानंतर डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहरातील उंदरांची गणना चालू ठेवली. विषाने संख्या झपाट्याने उतरे, पण उरलेल्या उंदरांना आता अधिक अन्न व अधिक जागा मिळे आणि थोड्याच काळात संख्या पूर्ववत होई. जेथे कचरा झाकला गेला, मोडकी कुंपणे व अडगळ हलवली गेली, तेथे मात्र ती खाली आली आणि खालीच राहिली. उंदरांची संख्या मारणारा ठरवीत नाही, खाऊ घालणारा ठरवतो, हा त्या संशोधनाचा निष्कर्ष होय. १९४८ नंतर वॉरफरिन हे नवे औषध आले आणि आता उंदरांचा निकाल लागला असे अनेकांस वाटले. परंतु १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये त्या औषधाला दाद न देणारे उंदीर आढळले.

याच सुमारास पेटीचे रूप बदलले. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावी जॉर्ज डेम्पस्टर यांनी १९३० नंतरच्या दशकात एक मोठी लोखंडी पेटी तयार केली. ती यंत्राने उचलून गाडीवर चढवता येई. कारखाने, उपाहारगृहे व बाजार यांच्या मागील अंगणात अशा पेट्या दिसू लागल्या आणि त्यांना डेम्पस्टर यांच्या नावावरून डम्पस्टर म्हणू लागले. पुबेल यांच्याप्रमाणे हेही गृहस्थ कचऱ्यामुळे अमर झाले. पण मोठ्या पेटीबरोबर प्रश्नही मोठे आले. घरचा डबा रोज हाताळला जातो. दुकानामागची पेटी सर्वांची, म्हणून कोणाचीच नसते. झाकण जड म्हणून उघडेच राहते. पेटी धुण्यासाठी तळाशी ठेवलेल्या भोकाचे बूच हरवते आणि तेच उंदरांचे महाद्वार होते. कारण जेमतेम अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदराचे पिल्लू आत शिरते. पेटी मातीवर ठेवली तर तिच्याखाली बिळे पडतात. म्हणून पेटी पक्क्या फरशीवर, स्वयंपाकघराच्या दारापासून दूर असावी, भोवती झुडपे व अडगळ नसावी, बूच जागेवर असावे आणि आतील राड धुतली जावी, हे नियम अनुभवातून तयार झाले.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे पेटी केव्हा रिकामी करावी याचे, उत्तर माशीने दिले. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यातून अळी एका दिवसात बाहेर येते, चारपाच दिवस कचऱ्यावर पोसली जाते आणि मग कोष करण्यासाठी कोरड्या मातीकडे सरपटत निघते. आठदहा दिवसांत नवी माशी उडते. अळी पेटीतून बाहेर पडण्यापूर्वी कचरा उचलला गेला, तर ही साखळी तुटते. उष्ण प्रदेशात आठवड्यातून निदान दोनदा कचरा उचलण्याचा जो दंडक पडला, त्याचे मूळ कोणा समितीच्या मर्जीत नसून अळीच्या आयुष्यक्रमात आहे. उपाहारगृहांचा आणि मासळीबाजाराचा कचरा तर रोजच गेला पाहिजे.

एकदा लागलेले झाकण पुन्हा निघू शकते, याचे उदाहरण न्यूयॉर्कने घालून दिले. फेब्रुवारी १९६८ मध्ये तेथील सफाई कामगारांनी नऊ दिवस संप केला. त्या सुमारास कचरा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरण्याची कल्पना पुढे आली. पिशव्या हलक्या, स्वस्त, उचलण्यास सोप्या. पत्र्याच्या डब्यांचा खणखणाटही नाही. लवकरच दुकानांचा व घरांचा कचरा काळ्या पिशव्यांत पदपथावर रात्रभर पडू लागला. पिशवी माणसाच्या नाकाला रोखते; उंदराच्या दातांना रोखत नाही. पुढील अर्धशतक जगातील त्या श्रीमंत नगराने आपल्या उंदरांना रोज रात्री पंगत वाढली. अखेर १ मार्च २०२४ पासून तेथील सर्व व्यापारी आस्थापनांना कचरा झाकणाच्या पेटीतच ठेवण्याची सक्ती झाली. पुबेल यांच्या आज्ञेनंतर एकशेचाळीस वर्षांनी न्यूयॉर्कचा व्यापारी पॅरिसच्या घरमालकाच्या पंक्तीला येऊन बसला.

आपल्याकडे हा धडा सुरतेने शिकवला. सप्टेंबर १९९४ मध्ये तापीच्या पुरानंतर चिखल, कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे शहरात साचली आणि फुप्फुसांच्या प्लेगची बातमी फुटली. पन्नासच्या वर माणसे दगावली. लक्षावधी माणसे मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. त्यांत कापडगिरण्यांत काम करणारे खानदेशातील मराठी कामगारही होते. मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे तेथे पालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी नवे विष आणले नाही की उंदरांच्या शेपट्या मोजल्या नाहीत. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाचे अधिकार तेथील अधिकाऱ्याकडे दिले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीबाहेर रस्त्यावर उभे केले, कचरा रोज उचलला जाईल अशी व्यवस्था लावली आणि अस्वच्छ उपाहारगृहांवर, मालक कितीही वजनदार असला तरी, दंड बसवला. दीड-दोन वर्षांत, प्लेगमुळे कुप्रसिद्ध झालेल्या त्या शहराची गणना देशातील स्वच्छ नगरांत होऊ लागली.

राहिला दुसरा प्रश्न, झाकण कोणी लावावयाचे हा; आणि तो सर्वांत नाजूक आहे. आपल्या समाजाने घाण करणारा आणि घाण काढणारा अशी माणसांची वाटणी केली आणि तिला जन्माची मोहोर लावली. त्यामुळे उघडी कुंडी पाहून आपणांस तिच्या मालकाची आठवण होत नाही, झाडूवाल्याची होते. मुंबई महापालिकेचे कामगार आजही रात्री काठी व विजेरी घेऊन उंदीर मारीत फिरतात. त्यांनी एका रात्री मारलेल्या उंदरांची भरपाई, खाणावळीमागची एक उघडी पेटी किती लवकर करीत असेल, याचा विचार त्या खाणावळीत जेवणारे आपण क्वचितच करतो. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आपली पंचायत स्थापन केली आणि २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. कचरा बंद पेटीत गेला तर आमची भाकरी जाते, ही पॅरिसच्या वेचकांची तक्रार होती. पुण्याच्या स्त्रियांनी तिला असे उत्तर शोधले की, कचरा उकिरड्यावर पडूच नये. तो वर्गवारी करून थेट आमच्या हाती द्यावा. उंदराचा घास गेला आणि माणसाचा राहिला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावरच वर्गीकरणाची जबाबदारी टाकली आणि उपाहारगृहांचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. आज्ञापत्रे आता पुष्कळ आहेत. त्यांचा अंमल कायद्याच्या पुस्तकात होत नाही, तो स्वयंपाकघराच्या मागल्या दारी होतो.

श्रोतेहो, हा इतिहास उंदरांचा म्हणून सांगितला जातो, पण तो वास्तविक माणसांच्या परस्परांशी असलेल्या व्यवहाराचा आहे. उंदीर, घूस आणि माशी यांना आपण कधी जिंकू असे वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही. त्यांना उपाशी ठेवता आले म्हणजे पुरे. त्यासाठी लागते ते एक झाकण, एक बूच, पक्की फरशी आणि ठरल्या वेळी येणारी गाडी. यांपैकी कोणतीही वस्तू महाग नाही. मांडवीतील धान्याच्या वखारींपासून सुरतेच्या चिखलापर्यंत जी माणसे गेली, ती या वस्तू न मिळाल्यामुळे गेली असे नाही. त्या आणणे आपले काम आहे असे कोणालाच न वाटल्यामुळे गेली. आज रात्री दुकान बंद करताना मागील दाराची पेटी झाकली आहे की नाही हे जो दुकानदार स्वतः जाऊन पाहील, त्याने सार्वजनिक आरोग्याचे काम केले असे मी समजेन.